घाट आपापला चढा, माथ्यावर एकत्र पोहोचा

हिवाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून सायकलस्वारांचे गट सह्याद्रीकडे निघतात. चार-पाच दिवसांची सुट्टी, आठ-दहा जण आणि वाटेत पसरणी, आंबेनळी, वरंधा असे दोन-तीन मोठे घाट. अशा सहलीची तयारी करताना मुक्काम ठरतात, अंतरं मोजली जातात, सायकली मेकॅनिककडून तपासून घेतल्या जातात. घाटात गटाने चालायचं कसं, याचा विचार मात्र बहुतेकदा एका वाक्यात आटोपतो : सगळ्यांनी एकत्र राहायचं. वाक्य जिव्हाळ्याचं आहे, पण चढावर ते पाळता येत नाही. पाळण्याचा हट्ट धरलाच, तर त्याची किंमत गटातल्या सर्वांत हळू चढणाऱ्याला मोजावी लागते. म्हणून माझं सांगणं असं की, घाटात प्रत्येकाने आपापल्या वेगाने चढावं, आणि निघण्याच्या वेळा अशा ठरवाव्यात की माथ्यावर सगळे साधारण एकाच सुमारास पोहोचतील. हळू चढणारे आधी निघतील, वेगाने चढणारे नंतर. या एका बदलाने सहल अधिक सुरक्षित होते आणि गटाची एकीही अधिक टिकते. ते कसं, हे सविस्तर पाहू.

चढावर गट फुटतोच

सपाट रस्त्यावर गट एकत्र राहतो याचं मुख्य कारण वारा. ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल चालवताना लागणाऱ्या शक्तीपैकी साधारण तीन चतुर्थांश हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याचा बराच भार हलका होतो, त्यामुळे कमी ताकदीचा माणूसही गटाबरोबर टिकतो. चढ लागला की हे गणित पालटतं. ताशी सात किलोमीटर वेगाने पाच टक्क्यांचा चढ चढताना हवेच्या विरोधाचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के उरतो. बाकी जवळपास सगळी मेहनत स्वतःचं आणि सायकलचं वजन वर उचलण्याची असते, आणि त्यात कुणाच्या मागे राहून काहीही वाचत नाही. सपाटीवर गटाला बांधून ठेवणारा फायदा चढावर संपतो. तिथे प्रत्येकाचा वेग त्याची ताकद आणि त्याचं वजन या दोनच गोष्टी ठरवतात.

हा फरक किती मोठा असतो हे वाई ते पाचगणी या पसरणी घाटावरून कळेल. अंतर सुमारे १२ किलोमीटर, सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन धरा. सातत्याने १०० वॅट शक्ती लावणाऱ्याला हा घाट चढायला सुमारे १०० मिनिटं लागतील, १५० वॅटवाल्याला ७० आणि २०० वॅटवाल्याला ५३. हौशी सायकलस्वारांच्या गटात ताकदीचा एवढा फरक अगदी सर्रास आढळतो. म्हणजे एकाच वेळी वाईहून निघालेल्या गटात पाचगणीला पोहोचेपर्यंत पाऊण तासाहून अधिक अंतर पडणार, आणि त्यात कुणाचा आळस नाही की कुणाचा दोष नाही. पोलादपूरहून महाबळेश्वर गाठायचं असेल तर अंतर ४० किलोमीटरच्या आसपास आणि उठाव १,२५० मीटरहून अधिक. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू कड्यांची आहे, देशाकडची बाजू तुलनेने सौम्य आहे, त्यामुळे कोकणातून वर येणारे घाट नेहमीच जास्त दमवतात. या चढावर पहिल्या आणि शेवटच्या माणसातला फरक दोन तासांच्या घरात जातो.

आता 'एकत्र राहायचं' हा नियम या फरकावर लादला तर काय होतं ते पाहा. वेगवान माणूस हळू चालला तर त्याला कंटाळा येतो, एवढंच. हळू माणूस मात्र स्वतःच्या कुवतीबाहेर खेचला जातो. स्नायूंमधला साखरेचा साठा लवकर संपतो, धाप लागते, घाटाच्या पहिल्या एक तृतीयांश भागातच पाय जड होतात आणि उरलेला घाट यातना बनतो. पुष्कळदा नियम अर्धवट पाळला जातो. पुढचे माथ्यावर जाऊन थांबतात, चहा-नाश्ता उरकतात, फोटो काढतात, आणि शेवटचा माणूस दिसला की 'आला, चला निघू' म्हणून सायकलवर बसतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. असे दोन-तीन दिवस गेले की तो माणूस पुढच्या सहलीला येत नाही, आणि तो का आला नाही हे कुणी विचारत नाही.

सायकलिंगच्या जगाने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. १९०४ मध्ये फ्रान्समध्ये ऑडॅक्स पद्धतीच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या सुरू झाल्या. तिथे गटप्रमुख वेग ठरवत आणि सगळ्यांनी त्याच वेगाने, एकत्र जायचं असे. १९२१ मध्ये ऑडॅक्स क्लब पारिझियँ या संस्थेने वेगळी वाट धरली : प्रत्येकाने आपल्या वेगाने जावं, फक्त वाटेतल्या ठरलेल्या चौक्या ठरलेल्या वेळेच्या आत गाठाव्यात. आज भारतात होणाऱ्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे फेऱ्यांची साडेतेरा तासांची मुदत याच पद्धतीतली आहे. व्यावसायिक शर्यतींतही वेगळं घडत नाही. तुर द फ्रान्समध्ये डोंगराचा टप्पा आला की मोठा जथा फुटतो, आणि चढावर मागे पडणारे आपला वेगळा गट करून मुदतीच्या आत पोहोचण्याची आखणी करतात. जगातले कसलेले सायकलस्वार जे करायला जात नाहीत, ते सुट्टीवर निघालेल्या मित्रमंडळींकडून अपेक्षिण्यात अर्थ नाही.

उलट क्रमाने कसं निघायचं

पहिलं काम सहलीच्या महिनाभर आधीचं. जवळचा एखादा चढ प्रत्येकाने आपल्या आरामशीर वेगाने चढावा आणि वेळ नोंदवावा. पुणेकरांना बोपदेव किंवा सिंहगड, ठाणेकरांना येऊर, कोल्हापूरकरांना पन्हाळा किंवा जोतिबा हाताशी आहे. जिंकायला चढायचं नाही. मधे बोलता येईल, पूर्ण वाक्य उच्चारता येईल, अशा श्वासाने चढायचं, कारण सहलीत रोज तोच वेग लागणार आहे. दोन चढांची लांबी आणि तीव्रता वेगळी असली तरी माणसा-माणसांमधलं प्रमाण साधारण तेच राहतं. छोट्या चढावर एकाला ३० मिनिटं आणि दुसऱ्याला २० लागली, तर पसरणीतही दीडपट फरक धरावा. लांब घाटात हळू माणूस अधिक थकतो, म्हणून त्याच्या हिशोबात थोडा जादा वेळ ठेवावा.

मग घाटाच्या दिवशी गटाचे तीन भाग करावेत. पसरणीचं उदाहरण पुढे न्यायचं तर पहिली तुकडी सकाळी साडेसहाला, दुसरी सातला आणि तिसरी सव्वासातला निघेल, आणि सगळे सव्वाआठच्या आसपास पाचगणीत नाश्त्याला एकत्र बसतील. एका तुकडीत किमान दोन माणसं असावीत, तीन असतील तर उत्तम. प्रत्येक तुकडीजवळ पंप, एक जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, चेन जोडायचं साधन आणि प्रथमोपचाराची छोटी पिशवी हवी. दुरुस्तीची सगळी हत्यारं एकाच माणसाकडे आणि तोच सर्वांत पुढे, ही चूक फार गटांत होते. लांब घाटात मधल्या थांब्यांची नावं आधी ठरवावीत. आंबेनळीत प्रतापगडाच्या पायथ्याचं वाडा कुंभरोशी, वरंध्यात वाघजाईच्या देवळाजवळच्या चहा-भज्यांच्या टपऱ्या अशी सहज सापडणारी ठिकाणं निवडावीत. 'पुढे कुठेतरी थांबू' हा बेत घाटात कामाचा नाही, कारण दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज असेलच असं नाही. ठरलेल्या थांब्यावर पोहोचलेल्याने मागची तुकडी येईपर्यंत थांबायचं, आणि विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस पोहोचल्यावर सुरू करायचं. हे शेवटचं कलम कधीही सैल होऊ देऊ नका.

या क्रमाचा सर्वांत मोठा लाभ सुरक्षिततेचा आहे. नेहमीच्या क्रमात सर्वांत थकलेला माणूस सर्वांत मागे असतो. त्याची चेन तुटली, पायात गोळा आला किंवा तो पडला, तर त्याच्या मागून येणारं आपलं कुणीच नसतं. पुढच्यांना हे कळेपर्यंत तास निघून जातो, आणि मग कुणाला तरी चढलेला घाट उतरून शोधायला जावं लागतं. उलट क्रमात हळू माणसाच्या मागे गटातली सगळी ताकद असते. अडचण आली तर त्याने रस्त्याच्या कडेला थांबायचं. दहा, वीस किंवा तीस मिनिटांत कुणीतरी सवंगडी तिथे पोहोचणारच. सोबतची गाडी असेल तर तीही सर्वांत शेवटी निघावी, म्हणजे वाटेत अडलेला प्रत्येक जण तिच्या नजरेखालून जाईल. गाडीने मात्र एखाद्या सायकलमागे रांगत राहू नये. अरुंद घाटात त्यामुळे मागे एसटी आणि ट्रकची रांग लागते आणि सायकलस्वारावरही दडपण येतं. तिने एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जावं आणि वाट पाहावी.

दुसरा लाभ उन्हाचा. चढावर वेग कमी, म्हणून अंगावर वारा येत नाही, आणि शरीर तापत असतं. घाम वाळत नाही, उष्णता साचते. हळू माणूस चढावर जास्त वेळ राहतो, म्हणजे त्याला ऊनही जास्त लागतं. त्याला सकाळचे गार तास देणं हा निव्वळ न्याय आहे. पोलादपूर-महाडच्या बाजूने चढायचं असेल तर फेब्रुवारीनंतर हा मुद्दा कळीचा ठरतो, कारण कोकणातली दमट हवा सकाळी दहापासूनच चढावर असह्य होऊ लागते.

काही रास्त आक्षेप

पहिला आक्षेप मनाला लागणारा आहे : एकत्र सायकल चालवायचीच नसेल तर गटाने जायचं कशाला? उत्तर असं की सहलीचा बहुतांश भाग घाट नसतो. पुण्याहून वाईपर्यंतचा बहुतेक रस्ता, महाबळेश्वरच्या पठारावरचा रस्ता, भोरपासून परतीची वाट, इथे गट खुशाल एकत्र राहावा. तिथे एकमेकांच्या आडोशाचा खरा उपयोगही होतो. घाटात मात्र धापा टाकत शेजारी चालणारी दोन माणसं एकमेकांशी फारसं बोलूही शकत नाहीत. माथ्यावर सगळे एकाच सुमारास पोहोचले, एकाच टेबलाभोवती बसले आणि कुणीही अर्धा तास थंडीत ताटकळला नाही, तर एकत्रपणा वाढला असंच म्हणावं लागेल.

दुसरा आक्षेप : यात हळू माणसावर शिक्का बसतो, त्याला कमीपणा वाटतो. ही काळजी रास्त आहे, म्हणून वेळा जाहीर करण्याची पद्धत महत्त्वाची. 'कच्चे' आणि 'पक्के' असे शब्द वापरू नयेत, तुकड्यांना वेळेवरूनच ओळखावं : साडेसहाची, सातची. ताकदवान मंडळींपैकी एकाने रोज आळीपाळीने पहिल्या तुकडीबरोबर जावं. मात्र त्याने पुढे राहून वेग ठरवायचा नाही, मागे राहायचं. तरीही कुणाला कमीपणा वाटला तर याची आठवण करून द्यावी की, सगळ्यांसमोर रोज शेवटी पोहोचणं त्याहून अधिक झोंबतं. आधी निघालेला माणूस कधीकधी माथ्यावर पहिला पोहोचतो, आणि त्या दिवसाचा उत्साह त्याला पुढच्या दोन घाटांना पुरतो.

तिसरा आक्षेप कडक शिस्तीच्या मंडळींचा : ज्याला जमत नाही त्याने आधी सराव करावा. सराव हवाच, त्याला पर्याय नाही. आठवड्यातून एकदा चढ आणि एकदा लांब अंतर असे दोन-तीन महिने केले तर कुणाचीही क्षमता चांगली वाढते. पण सराव वेगवान माणूसही करतो, त्यामुळे फरक उरतोच. वय, वजन, बांधा आणि रोजच्या कामाच्या वेळा यांचा परिणाम सरावाने पुसला जात नाही. ई-सायकलबद्दलही असाच वाद निघतो. गटातल्या एखाद्याला गुडघ्याचा त्रास असेल किंवा वयामुळे चढ झेपत नसेल, तर ई-सायकल हा सन्माननीय उपाय आहे. फक्त बॅटरी घाटाच्या मध्यावर संपणार नाही याचा हिशोब आदल्या रात्रीच करावा, कारण बंद पडलेली ई-सायकल चढावर ढकलणं साध्या सायकलपेक्षा पुष्कळ जड जातं.

गिअर, ओझं आणि खाणं

वेळांचं नियोजन कितीही चोख असलं तरी सायकलचे गिअर चुकीचे असतील तर ते कोलमडतं. घाटात सरासरी चढ पाच टक्के असला तरी मधले तुकडे दहा टक्क्यांपर्यंत जातात. १०० वॅट लावणारा माणूस अशा तुकड्यावर ताशी चारच्या आसपास जाईल. त्याच्या सायकलला पुढे ३४ आणि मागे २८ दात हाच सर्वांत हलका गिअर असेल, तर मिनिटाला पेडलचे जेमतेम पंचवीस फेरे होतील. एवढ्या संथ फेऱ्यांत प्रत्येक फेऱ्याचा जोर गुडघ्यावर येतो. पुढे २२ आणि मागे ३६ दात असतील तर तेच फेरे पन्नासच्या आसपास जातात आणि गुडघे वाचतात. म्हणून सहलीआधी मेकॅनिककडे जाऊन एवढंच सांगा की मला घाट चढायचा आहे, मागे मोठी चकती बसवा आणि डिरेलर तिला पुरेल का ते पाहा. हळू माणसाला हलका गिअर जास्त लागतो. गटात बहुधा नेमकं उलटं दिसतं, कारण नवख्याकडे जुनी किंवा मागून आणलेली सायकल असते. आणि ताशी चारचा वेग म्हणजे चालण्याचाच वेग. त्यामुळे तीव्र तुकड्यावर उतरून सायकल ढकलली तर वेळ वाया जात नाही आणि पाठ-मांड्यांना विसावा मिळतो. ढकलणं म्हणजे हार, ही समजूत गटप्रमुखाने पहिल्याच दिवशी मोडावी.

ओझ्याची फेरवाटणी हा फरक कमी करण्याचा दुसरा सोपा मार्ग आहे. चढावरचा वेळ जवळजवळ वजनाच्या प्रमाणात वाढतो. वर मोजलेल्या पसरणीच्या उदाहरणात १०० वॅटवाल्याची आठ किलोची पिशवी २०० वॅटवाल्याने घेतली, तर पहिल्याचे नऊ-दहा मिनिटं वाचतात, दुसऱ्याला चार-पाच जास्त लागतात आणि दोघांतलं अंतर पाऊण तासाहून अधिक होतं ते सुमारे ३४ मिनिटांवर येतं. वेगवान माणसाला कंटाळा येतो म्हणणाऱ्यांसाठी याहून चांगलं उत्तर नाही. ज्याच्याकडे ताकद शिल्लक आहे, त्याने ती सामानावर खर्च करावी.

खाण्याचा नियम साधा आहे : भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. लांब चढावर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. दोन केळी किंवा थोडे खजूर आणि एखादी चिक्की एवढ्यात ते भागतं. राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे, भिजवलेले मनुके हे पदार्थ खिशात टिकतात आणि परवडतात. घामाबरोबर मीठही जातं, म्हणून एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखर घातलेलं लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत ठेवा. पहिल्या तुकडीला वाटेतल्या टपऱ्या इतक्या सकाळी उघड्या सापडतीलच असं नाही, तेव्हा त्यांची पुरचुंडी आदल्या रात्रीच बांधून द्यावी.

उतार, पाऊस आणि हिमालय

चढावर क्रम जेवढा महत्त्वाचा, तेवढंच उतारावर अंतर. दोन सायकलींमध्ये भरपूर जागा ठेवा आणि आपसात एकमेकांना ओलांडू नका. ब्रेक वळणात शिरण्याआधी लावा. तो सतत दाबून ठेवला की रिम किंवा डिस्क तापते आणि पकड कमी होते, म्हणून दाबा-सोडा करत उतरा आणि वाटेत एक-दोनदा थांबून सायकल गार होऊ द्या. तीव्र वळणावर एसटीला जवळपास सगळा रस्ता लागतो, तेव्हा तिचा भोंगा ऐकू आला तर वळणाआधीच डावीकडे थांबावं. पावसाळ्यात शेवाळ, धुकं आणि दरडी यांमुळे हे घाट सायकलींसाठी वर्ज्य मानावेत. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता दरडींनी बंद पडला होता. वरंधाही पावसाळ्यात वाहतुकीला बंद होतो. निघण्याआधी रस्त्याची स्थिती विचारून घेणं हा तयारीचाच भाग आहे.

हिमालयात, मनाली-लेहसारख्या मार्गावर, या पद्धतीला एक अट जोडावी लागते. तिथे टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे, आणि विरळ हवेचा त्रास तंदुरुस्ती पाहून होत नाही. सर्वांत वेगवान माणूसही पहिला आजारी पडू शकतो. म्हणून तिथे कुणीही एकट्याने जायचं नाही. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा वैद्यकीय सल्ला आहे. डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणं किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर त्या माणसाला तातडीने खाली न्यायचं. तिथे गटाच्या वेळापत्रकाचा विचारही करू नये.

सहलीच्या आठवडाभर आधी एक तास सगळ्यांनी समोरासमोर बसावं आणि पाच गोष्टी कागदावर उतरवाव्यात : प्रत्येकाची चढाची नोंदवलेली वेळ, प्रत्येक घाटाच्या तुकड्या आणि निघण्याच्या वेळा, थांब्यांची नावं, हत्यारं-औषधं कुणाकडे, आणि ओझ्याची वाटणी. हा कागद प्रत्येकाच्या खिशात असावा. गटाची ताकद सर्वांत पुढच्या माणसाच्या वेगावर ठरत नाही. शेवटचा माणूस किती ताजातवाना पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून सायकलला हात घालतो का, यावर ती ठरते. तो घालत असेल तर तुमचं नियोजन बरोबर आहे. घालत नसेल तर त्याला दोष देण्याआधी निघण्याच्या वेळा पुन्हा मांडा.